नवव्या रविवारची पोळी

"पुन्हा चिकट," आई म्हणाली आणि तुकडा बशीत परत ठेवला. "अहो, तीन दिवस उन्हात ठेवायची असते. दोन दिवसांत उचललीत ना?"

"उचलली खरी," बाबा म्हणाले.

"गेल्या रविवारी गर करपवलात. त्याआधी मीठ जास्त. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलीत, केसाएवढी स्प्रिंग बसवलीत, आणि ताटात पेरूचा गर सारखा पसरता येत नाही?"

"घड्याळ मधे मधे बोलत नाही गं."

आई हसली. हसता हसता खोकायला लागली. लेकीने पाठीला हात देऊन तिला बसतं केलं.

आठ रविवार हेच चाललं होतं. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते, म्हणून लेक रजा टाकून माहेरी आली होती. बाबांना चहाखेरीज काही येत नव्हतं. "माझ्यामागे हा माणूस उपाशी मरेल," म्हणत आईने खाटेवरूनच त्यांना भात शिकवला, भाजी शिकवली. शेवटी उरली पेरूची पोळी. गर शिजवायचा, गाळून बिया काढायच्या, साखर घालून घोटायचा, तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून वाळवायचा.

"ही जमली की सगळं जमलं," आई म्हणायची. "मग मी खुशाल डोळे मिटते."

पण ती काही जमत नव्हती. शिकवायला अंगात जोर हवा म्हणून आई नाक मुरडत दूध प्यायची, गोळ्या गिळायची आणि दर रविवारी बाबांना फैलावर घ्यायची.

बाबा गच्चीवर कोणाला येऊ देत नसत. दोन ताटं घेऊन वर जात. रविवारी एकच खाली येई. दुसऱ्याला मुंग्या लागल्या, म्हणत.

लेकीचा जीव तुटत होता. "आईने जायच्या आधी एकदा तरी धड पोळी खावी हो काकू," ती शेजारच्या काकूंना म्हणाली. "बाबांच्या हातून काही व्हायचं नाही."

"मग तू कर की. त्यांच्या हातची म्हणून दे. नवऱ्यांची अब्रू आपण आणखी कशी झाकतो?"

लेकीने काकूंच्या गच्चीवर ताट ठेवलं. तीन दिवस कडक ऊन मिळालं. नखाने कड उचलली तशी पोळी अलगद सुटून आली. रविवारी बाबा आंघोळीला गेल्यावर तिने बशीतली चिकट पोळी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि आपली ठेवली.

बाबांनी नेहमीसारखी बशी पुढे केली. आईने तुकडा उजेडात धरला. त्यातून खिडकीचे गज तांबूस दिसत होते. तिने तो तोंडात ठेवला आणि बराच वेळ चघळला.

"अहो, जमली."

बाबांनी बशीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "नीट बघ. कडेला कच्ची असेल."

"नाही हो. अगदी माझ्यासारखी झालीय."

"एखादी चुकून जमते. पुढच्या रविवारी पुन्हा—"

"पुरे आता," आई म्हणाली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. लेकीने हळूच डोळे पुसले. कौतुक करून घेतानाही किती संकोच, तिला वाटलं.

त्या दुपारी आईने दूध नको म्हटलं. रात्री गोळ्याही नाकारल्या. "आता कशाला?" म्हणाली. बुधवारी ती गेली.

"शेवटी तिच्या मनासारखं झालं," लेक भेटायला येणाऱ्यांना सांगत राहिली. बाबा समोर बसलेले असत.

रजा संपत आली तशी ती बाबांचं कपाट आवरायला बसली. खालच्या खणात घड्याळाच्या सुट्या भागांचा पत्र्याचा डबा होता. एरवी खुळखुळणारा डबा आज मुका होता. तिने झाकण काढलं.

आत कागदात गुंडाळलेल्या नऊ पोळ्या होत्या. पातळ, काचेसारख्या, कडा पट्टीने कापाव्यात तशा सरळ. प्रत्येक कागदावर बाबांच्या बारीक अक्षरात एकेका रविवारची तारीख होती. सगळ्यात खालची पहिल्याच रविवारची होती.