अर्धी चटई

"माझ्याबरोबर वाजव हं, रातिह," घरी आलेल्या बालवाडीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी टाळी वाजवली.

चार वर्षांच्या रातिहनं टाळी वाजवली, पण बाईंची वाजून गेल्यावर. पुन्हा तसंच. दहादा तसंच.

"बघितलंत?" बाई सुकेर्तीकडे वळल्या. "दरवेळी मागेच. तोंडातून शब्द नाही. लेकीची समज कमी पडतेय हो. पुढच्या वर्गात कशी घालू?"

सुकेर्तीच्या हातातला पूजेच्या फुलांचा द्रोण तसाच राहिला.

ओट्यावर सासरे खो खो हसले. गावच्या वाद्यमेळ्यात त्यांची हयात गेली होती. "बाई, तुम्ही परगावच्या. आमच्यात एकच गत दोघं मिळून वाजवतात. एकाचा ठोका पडतो, दुसरा मधल्या फटीत मारतो. घाई करा बघू! चुकते का बघा!"

बाईंनी वेग वाढवला. रातिह बरोबर फटीत. आणखी वाढवला. बाईच चुकल्या.

"मोजल्याशिवाय जमतं होय हे?" सासऱ्यांनी विचारलं.

बाई ओशाळून हसल्या. "हरले बाई! पाठवा पुढच्या वर्गात." निघताना त्यांनी चटईवरच्या पालथ्या वाट्यांवरून पाय टाकला, तसे म्हातारबा ओरडले, "अहो, वाद्य ओलांडू नका!"

"वाट्या आहेत त्या, आजोबा!"

"वाजल्या की वाद्य!"

कितीतरी दिवसांनी सुकेर्तीला हसू आलं. "बाबा, कधी शिकवलंत हो हिला? मला पत्ताही लागू दिला नाहीत."

"मी? माझे हात भात कालवतानाही थरथरतात. मला वाटलं, तूच."

"मला कुठं येतं?"

घरात येत होतं ते एका सुआर्ताला. तिच्या नवऱ्याला. त्याची होडी परतली नाही, तेव्हा रातिह पोटात होती.

रातिह भात वाढायचा डाव घेऊन वाट्यांपाशी जाऊन बसली होती. टक्. मोकळी फट. टक् टक्. मोकळी फट. म्हातारबांची बोटं मांडीवर आपसूक हलू लागली आणि थबकली.

"सुआर्तानं बांधलेली गत," ते पुटपुटले.

रातिह चटईच्या अगदी कडेला बसली होती. उरलेली अर्धी चटई मोकळी. तिथं तसलाच दुसरा डाव, दांडा पलीकडे करून ठेवलेला. मधेच ती चुकली, रिकाम्या जागेकडे बघून खुदकन हसली आणि पहिल्यापासून सुरू झाली.

घराचं दार समोरच होतं, चटईच्या पल्याड. सुकेर्तीनं वाकून फुलांचा द्रोण त्या डावापाशी ठेवला आणि अख्ख्या चटईला वळसा घालून ती आत गेली.