दंडावरची लाली

नर्स यायच्या आत पुसायचं आणि बायको यायच्या आत रंगवायचं. चांगलेच अडकले होते दादा. नाटकवाले त्यांना मेकअपदादा म्हणत. वळ, जखमा, म्हातारपण, म्हणाल ते चेहऱ्यावर उठवून देत. आता कॅन्सरच्या वॉर्डात पडून स्वतःच्याच दंडावर ही कारागिरी चालली होती.

औषध नवं होतं, अजून चाचणीतलं. डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "पेशीत काही आरएनए असे असतात, की त्यांच्यापासून काहीच बनत नाही. आम्ही त्यांना कचरा समजायचो. पण त्यातलाच एक तुमच्या गाठीला खतपाणी घालतोय. हे इंजेक्शन त्याचं तोंड बंद करतं." मात्र निम्म्या पेशंटना नुसतं मिठाचं पाणी मिळणार होतं, आणि कुणाला काय, ते डॉक्टरबाईंनाही ठाऊक नव्हतं. म्हणून वॉर्डानं आपली अक्कल लढवली होती: सुईची जागा लाल झाली, की औषध खरं.

दादांची जागा लाल झालीच नाही. पहिल्या इंजेक्शननंतर बायकोनं बाही वर केली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. दिवसभर घास उतरला नाही तिच्या घशाखाली. पुढच्या खेपेला दादांनी डबीतला लाल रंग दंडावर टेकवला, कडा बोटानं मिसळल्या. काय खुलली ती! पोटभर जेवली, घराला कुठला रंग द्यायचा ते बोलू लागली.

तिथंच फसगत झाली. दादा आतून विझत चालले होते. त्यांना निरोपाचं बोलायचं होतं, मनातलं सगळं सांगून मोकळं व्हायचं होतं. पण "मी गेल्यावर" म्हटलं रे म्हटलं, की ती त्यांची बाही वर करायची. "मग हे काय आहे? उगाच अभद्र बोलू नका." आपल्याच रंगाला दादा खोटं कसं पाडणार?

आज त्यांनी ठरवलं, पुरे झालं हे नाटक. डबी दाढीच्या पिशवीत टाकली, दंड कोरा ठेवला आणि तिची वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ती उशाशी बसली होती.

"अगं, तुला काही सांगायचंय," म्हणत दादांनी स्वतःच बाही वर केली.

दंड लालभडक होता.

म्हणजे औषध खरं! म्हणजे अजून वर्षं आहेत हातात! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्या जागेवरून बोट फिरवलं. बोट लाल झालं.

दाढीची पिशवी खुर्चीवर उघडी पडली होती. बायको खाली मान घालून रुमालानं हात पुसत होती.

"तुमच्यासारख्या कडा नाही हो जमल्या मला," ती म्हणाली.