सुनेचं ताट

"अगं कैदाशिणी, तिला ताजी भाकरी तरी दे!" पडद्यावरच्या सासूवर माझ्या सासूबाई ओरडल्या. तिथे सून चुलीपाशी बसून शिळी भाकरी गिळत होती आणि इथे सासूबाईंचा पदर भिजला होता.

आमच्या थिएटरात रविवारी जुना सिनेमा दाखवतात आणि त्यातलंच जेवण मध्यंतरात वाढतात. वाढप्याने आमच्यापुढे दोन ताटं ठेवली. एकात तुपात भिजलेली पुरणपोळी होती, दुसऱ्यात शिळी भाकरी आणि ठेचा.

सासूबाईंनी डोळे पुसत पुरणपोळी ओढली आणि भाकरी माझ्याकडे सरकवली. "घे. तुला सवय आहे."

अंधार झाला. तोंडात घास असतानाच त्या पुन्हा त्या सुनेसाठी हुंदके देऊ लागल्या. मला मात्र पडद्यावरची सासू एकदम आवडली. निदान ती रडत तरी नव्हती.