आईला कसं सांगायचं

मॉनिटरवर एकशे बहात्तरचा आकडा होता आणि आई डॉक्टरांना सांगत होती की तिला काही झालेलं नाही, उगाच सगळ्यांची धावपळ.

मुलगा छापखान्यातून तसाच आला होता, बोटांना शाई. आई सकाळी स्वयंपाकघराच्या दारात मटकन खाली बसली, ओठ पांढरेफटक, छातीत धडधड. शेजाऱ्यांनी तिला गाडीत घालून आणलं. त्याच्या बायकोला सातवा महिना होता. आधीची दोन्ही गरोदरपणं अर्ध्यावरच संपलेली, त्यामुळे ती घरीच थांबली. बाबा अजून झोपलेत, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. त्यांना रात्री झोप लागली नाही, उठवू नकोस, असं आईच तिला म्हणाली होती. बाबांनी कानातलं मशीन काढलं की उशाशी ढोल बडवला तरी त्यांना पत्ता लागत नसे.

डॉक्टर म्हणाले, हृदयाची लय बिघडली आहे. औषधानं ताळ्यावर आली नाही तर थोडी गुंगी देऊन विजेचा झटका द्यावा लागेल. सकाळी मनाला काही धक्का बसला होता का, असंही त्यांनी विचारलं. आईनं मान हलवली. नाही. मग त्यांनाच औषधाचा डोस विचारला. तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती ती.

"माझी जुनी फाइल आतल्या खोलीत कपाटात आहे," ती मुलाला म्हणाली. "तिला वाकायला लावू नकोस. तू स्वतः जाऊन आण."

तो गेला. आतल्या खोलीत पलंगावर बाबा नेहमीसारखे कुशीवर नव्हते, उताणे होते. अंगावरची चादर नीट होती. त्यानं हात लावला आणि तो तिथंच पलंगाच्या कडेला बसून राहिला.

मग काकांना फोन केला. सासूबाईंना बोलावून घेतलं. त्यांनी लेकीला जवळ घेऊन बेताबेतानं सांगितलं. संध्याकाळी बाबांना त्याच हॉस्पिटलच्या तळघरातल्या थंड खोलीत ठेवलं. दोन मजले वर आई होती. झटका देऊन झाला होता, ठोके जागेवर आले होते.

बाबांना कणकण आहे, म्हणून आले नाहीत, असं त्यानं सांगितलं. आई त्याच्याकडे बघत राहिली.

"तिच्याजवळ कोण आहे?"

"तिची आई आलीये."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, आता थांबता येणार नाही. बायकोला नवऱ्याचं शेवटचं दर्शनसुद्धा घेऊ द्यायचं नाही, हे बरं नव्हे. डॉक्टरांनी खूप आढेवेढे घेतले. शेवटी इंजेक्शन भरून ते स्वतः पलंगाशी उभे राहिले. नर्सनं झटक्याचं मशीन जवळ ओढलं.

मुलानं आईचा हात हातात घेतला. रात्रभर घोकलेलं एकही वाक्य त्याला आठवेना.

"आई, बाबा गेले."

सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर खिळले. शहात्तर. शहात्तर. पंचाहत्तर. डॉक्टरांनी वाकून वायरी नीट लागल्यात का ते पाहिलं.

आईनं दुसरा हात मुलाच्या गालावरून फिरवला.

"डोळे मी मिटवून आले होते," ती हळू आवाजात म्हणाली. "परत उघडले नव्हते ना रे?"