घमेलंभर बर्फ

राणीसावरगावाबाहेरच्या सरकारी बंगल्यातली रॉकेलवर चालणारी थंड पेटी आतून बर्फानं इतकी लिंपून गेली, की गारवा लसीपर्यंत पोचेना. देवीची लस टोचायला आलेल्या विष्णुपंतांनी नाइलाजानं पेटीची बत्ती विझवली. लसीच्या कुप्या ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि ते लाकडी पट्टीनं बर्फ खरवडून घमेल्यात टाकू लागले. चैत्राचं ऊन होतं. आजच्या आज टोचली नाही, तर लस वाया जाणार होती.

तेवढ्यात बायनाबाई नातीचं बोट धरून दारात आली. साथ आल्यापासून देवळातल्या शितळाईला, देवीच्या रोगाच्या मायेला, रोज पाणी घालणारी तीच, आणि गावातली एकही बाई तिच्या शब्दाबाहेर नव्हती.

"डागदरसाब, तुमी जावा. माय लय तापलीय. ती गार होईस्तवर लेकरांना सुई लावू देणार न्हाई."

"पण पाणी तर रोज घालता."

"घालते की. दगडावर पडलं की वाळून जायलंय."

विष्णुपंतांचा हात थांबला. फेकायला भरलेल्या घमेल्याकडे त्यांनी पाहिलं. मग चपला काढल्या, कुप्या बगलेत मारल्या, घमेलं डोक्यावर घेतलं आणि देवळाची वाट धरली. आजी-नात मागोमाग निघाल्या.

बायनाबाईनं जन्मात बर्फ पाहिला नव्हता. बोट लागताच तिनं हात झटकला. पुन्हा घातला. ओंजळी भरभरून तिनं शितळाई पांढरीशुभ्र केली आणि तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा देवीच्या कपाळावर तळवा ठेवला. मग वळून नातीला मांडीवर ओढलं आणि तिची बाही वर सारली.

"आता बघायलाव काय, साब? टोचा लौकर, बर्फ इरघळायच्या आत!"