पहिला पेढा

कर्जतच्या वधूवर केंद्रात लग्न जमलं की पहिला पेढा द्वारकाताईंच्या हातावर पडायचा. मालक अजेयने स्थळं जुळवणारा एआयचा टॅब आणला, तेव्हापासून लोक पेढा टॅबपुढे ठेवायला लागले. शिवाय म्हणायचे, “काय हुशार हाय हो तुमचं मशीन!” ताईंच्या पोटात दुखायचं. घरोघरी चहा पीत स्थळं जमवली त्यांनी, आणि कौतुक या काचेच्या तुकड्याचं! कडावच्या हिरामणच्या मुलीची माहिती भरताना टॅबने गोड आवाजात विचारलं, “मुलीबद्दल आणखी काही?” “तुला मेल्या काय ठाऊक असणार!” ताई फणकारल्या, आणि मुलीला लहानपणी फिट यायची, हे तिच्या आईने विश्वासाने सांगितलेलं ऐटीत बोलून गेल्या. टॅबने ते जसंच्या तसं शेलू गावच्या स्थळाकडे पाठवलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. आज हिरामण वकीलबाईंना घेऊन केंद्रात आला. “माझ्या पोरीची गोष्ट गावभर केली तुमी!” “आम्ही कुठे? मशीनने केली,” अजेय म्हणाला. “मशीन कोर्टात उभं राहत नाही. केंद्र तुमचं, जबाबदारी तुमची,” वकीलबाई म्हणाल्या. अजेयचा चेहरा उतरला. “पण मशीनला हे सांगितलं कोणी?” त्याने विचारलं. हिरामण म्हणाला, “आमच्या मंडळीनं हितं एकाच माणसाच्या कानात घातलं होतं.” टॅबपुढच्या पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या. कित्येक महिन्यांनी खोलीतल्या सगळ्या नजरा टॅबवरून द्वारकाताईंकडे वळल्या.