मंडईतली सुतळी

हिमालयात पाच दिवस चालायचं आणि रोज पुढच्या लाकडी खोपटात मुक्काम करायचा, असं चौघा मित्रांचं ठरलं, आणि आपण सोडून बाकी तिघं अडाणी आहेत याबद्दल दिगंबरची खात्री पटली. त्यांतला पुष्कर नवे बूट घालून रोज पर्वती चढायला लागला, तेव्हा दिगंबर म्हणाला, ‘‘माझे बूट बारा वर्षं माळ्यावर खोक्यात आहेत. काढले की चालू लागतात. त्यांना तालीम लागत नाही.’’

पुष्करने मंडईतून सुतळीचा गुंडा आणला, तेव्हा तर दिगंबरला राहवेना. ‘‘डोंगर बांधून घरी आणणार आहेस का?’’

हिमालयात चालायला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी, पुढचं खोपटं चार तासांवर असताना, दिगंबरच्या दोन्ही बुटांचे सोल निघून वाटेतच पडले. बारा वर्षांत आतलं चिकटवलेलं सगळं वाळून गेलं होतं. तो दगडावर बसला. पुष्कर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला आणि सोल सुतळीने पायाला बांधू लागला.

दिगंबरने वाकून सुतळी बोटाने ओढून बघितली.



‘‘आणायचीच होती, तर जरा बरी सुतळी आणायचीस.’’